दोन देशांचा एक कसोटीवीर

कसोटी क्रिकेटच्या इतिहासात इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून खेळलेला खेळाडू एकच आहे. सत्ता गाजवणारा देश आणि त्या सत्तेखाली असलेला देश, अशा दोन्ही बाजूंचे रंग एकाच माणसाने अंगावर चढवले. इफ्तिखार अली खान पतौडी हे त्याचे नाव. दिल्लीजवळच्या एका चिमुकल्या संस्थानाचे ते आठवे नवाब आणि भोपाळच्या नवाबांचे जावई. सहा कसोटी सामने, १९९ धावा आणि एक शतक एवढाच त्यांच्या कसोटी कारकिर्दीचा हिशेब. आकड्यांच्या जोरावर त्यांची गणना थोर कसोटीवीरांत होणार नाही. परंतु त्या काळात संस्थानिक असणे, इंग्लंडमध्ये शिकणे आणि तरीही भारतीय राहणे यांत माणसाची किती ओढाताण होत असे, हे समजून घ्यायचे तर त्यांच्यासारखे दुसरे चरित्र सापडणे कठीण.

पतौडी घराण्याच्या उदयाला मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा आहे. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात होळकरांविरुद्ध इंग्रजांना साहाय्य केल्याबद्दल फैज तलब खान यांना १८०४ मध्ये पतौडीची जहागीर मिळाली आणि तिचेच पुढे संस्थान झाले. आजच्या हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात असलेला हा मुलूख अवघा ५३ चौरस मैलांचा, म्हणजे गोव्यातील एखाद्या लहान तालुक्याएवढाच होता. हैदराबाद, बडोदा किंवा ग्वाल्हेर यांच्या शेजारी ठेवले तर नकाशावर तो दिसूही नये.

अशा घराण्यात १६ मार्च १९१० रोजी इफ्तिखार अली खान यांचा जन्म झाला. वडील इब्राहिम अली खान १९१७ मध्ये निवर्तले आणि सात वर्षांचा मुलगा नवाब झाला. अज्ञान वारसाच्या वतीने कारभार चालला. सर्वाधिकार त्यांच्या हाती यायला १९३१ चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या काळात त्यांचे शिक्षण झाले ते लाहोरच्या चीफ्स कॉलेजात. संस्थानिकांच्या मुलांना घोड्यावर बसणे, इंग्रजी बोलणे आणि क्रिकेट खेळणे शिकवणारी ही शाळा. तिथे ऑक्सफर्डकडून खेळलेल्या एका इंग्रज शिक्षकाने त्यांच्या हाती बॅट दिली. पुढे इंग्लंडला गेल्यावर केंटचे श्रेष्ठ डावखुरे फलंदाज फ्रँक वूली यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

ऑक्सफर्डचे दिवस

ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात पतौडी दाखल झाले तेव्हा विद्यापीठ क्रिकेटला आजच्यापेक्षा फार निराळी प्रतिष्ठा होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातील लॉर्ड्सवरचा वार्षिक सामना हा लंडनच्या उन्हाळ्यातील एक मोठा सोहळा असे आणि त्यात चमकलेल्या तरुणाकडे इंग्लंडच्या निवड समितीचे लक्ष जाई. १९२९ च्या सामन्यात पतौडी यांनी १०६ आणि ८४ धावा केल्या. ऑक्सफर्डची लाज राखणारे हे दोन डाव होते. हॉकी आणि बिलियर्ड्स या खेळांतही त्यांनी विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. उपजत नजर आणि मनगटाची नजाकत तिन्ही खेळांत सारखीच उपयोगी पडत होती.

१९३१ हे वर्ष मात्र निव्वळ त्यांचे होते. त्या मोसमात ऑक्सफर्डसाठी त्यांनी १,३०७ धावा केल्या, त्या नव्वदीच्या पुढच्या सरासरीने. लॉर्ड्सवरच्या सामन्यात केंब्रिजच्या अ‍ॅलन रॅटक्लिफ याने २०१ धावा काढून या लढतीच्या इतिहासातील सर्वोच्च धावसंख्या नोंदवली. तो विक्रम जेमतेम एक दिवस टिकला. पतौडी यांनी नाबाद २३८ धावा काढून तो मोडला आणि ऑक्सफर्डने सामना जिंकला. त्यांचा हा विक्रम पुढे सत्तर वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. विस्डेनने १९३२ च्या अंकात वर्षातील पाच श्रेष्ठ क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. त्या वेळी त्यांचे वय होते बावीस.

वूस्टरची काउंटी

ऑक्सफर्ड सुटल्यावर इंग्लंडमध्ये नियमित खेळायचे तर काउंटी हवी. पतौडी यांनी वास्तव्याच्या नियमानुसार वूस्टरशायरची पात्रता मिळवली. यॉर्कशायर, लँकेशायर किंवा सरे अशा बलाढ्य काउंटींपुढे वूस्टरशायरचे स्थान लहान होते. इंग्लंडमधील काउंटींचे दोन थर असत. वरच्या थरातील काउंटी प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत आणि उरलेल्या मायनर काउंटी, म्हणजे दुय्यम दर्जाच्या काउंटी मानल्या जात. या दुय्यम काउंटींची स्वतंत्र स्पर्धा १८९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षीचे विजेतेपद तीन काउंटींत विभागले गेले आणि त्यांपैकी एक वूस्टरशायर होती. पुढची तीनही वर्षे तिने ते एकटीने पटकावले आणि १८९९ मध्ये तिला प्रथम श्रेणीत बढती मिळाली. खालच्या पायरीवरून वर आलेल्या या काउंटीकडे पैसा बेताचा आणि नामांकित खेळाडूही मोजकेच. सेव्हर्न नदीकाठचे, समोर कॅथीड्रलचे शिखर असलेले तिचे मैदान मात्र इंग्लंडमधील रम्य मैदानांत गणले जाते.

अशा काउंटीला नवाबासारखा फलंदाज मिळणे ही चैनच होती. तो काळ हौशी आणि व्यावसायिक खेळाडू यांच्यातील भेद कटाक्षाने पाळण्याचा होता. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्यादेखील वेगळ्या असत. पतौडी अर्थातच हौशी. त्यामुळे पोटासाठी रोज मैदानात उतरण्याची गरज त्यांना नव्हती आणि प्रकृतीही अखंड मोसम खेळू देत नसे. जेव्हा खेळत तेव्हा मात्र धावांची रास पडे. १९३३ च्या एकाच मोसमात त्यांनी वूस्टरशायरसाठी तीन द्विशतके झळकावली. त्याआधी १९३२ च्या उन्हाळ्यात लॉर्ड्सवर हौशी विरुद्ध व्यावसायिक या मानाच्या सामन्यात त्यांनी १६५ धावांचा डाव रचला होता. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या इंग्लंडच्या संघात त्यांचे नाव आले, त्याला हा डाव कारण ठरला असे मानायला जागा आहे.

याच उन्हाळ्यात आणखी एक घटना घडली. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत आपला पहिला कसोटी सामना खेळला. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू कर्णधार होते आणि पुण्याजवळच्या फुलगावचे जनार्दन नवले यांनी भारताच्या कसोटी इतिहासातील पहिला चेंडू खेळला. भारतातील सर्वांत नावाजलेले दोन तरुण फलंदाज, दुलीपसिंहजी आणि पतौडी, त्या संघात नव्हते. दोघांच्याही पुढे इंग्लंडचे दार उघडे होते. आज हे चमत्कारिक वाटेल. पण त्यांच्यापुढे रणजितसिंहजींचा आदर्श होता. रणजी इंग्लंडकडून खेळूनच जगप्रसिद्ध झाले होते. भारत नावाचा कसोटी संघ तोपर्यंत अस्तित्वातच नव्हता. क्रिकेटमध्ये सर्वोच्च शिखर गाठायचे तर ते इंग्लंडच्या बाजूनेच गाठता येते, ही त्या पिढीतल्या राजपुत्रांची समजूत होती आणि ती तेव्हाच्या वस्तुस्थितीला धरूनच होती.

सिडनीचे शतक आणि मेलबर्नचा शेवट

१९३२-३३ चा ऑस्ट्रेलिया दौरा क्रिकेटच्या इतिहासात बॉडीलाइन दौरा म्हणून कुप्रसिद्ध आहे. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० च्या मालिकेत इंग्लंडच्या गोलंदाजीच्या चिंधड्या केल्या होत्या. त्यांना रोखण्याची युक्ती कर्णधार डग्लस जार्डिन यांनी शोधली. हॅरॉल्ड लारवूड आणि बिल वोस या वेगवान गोलंदाजांनी फलंदाजाच्या देहाच्या रोखाने आखूड टप्प्याचे चेंडू टाकायचे आणि लेगच्या बाजूला क्षेत्ररक्षकांचे कडे उभे करायचे. अंग वाचवण्यासाठी बॅट वर गेली की झेल ठरलेला.

सिडनीच्या पहिल्या कसोटीत पतौडी यांनी पदार्पण केले. हर्बर्ट सटक्लिफ यांच्या १९४ आणि वॉली हॅमंड यांच्या ११२ धावांमागोमाग त्यांनी १०२ धावा काढल्या. हा डाव पाच तासांहून अधिक काळ चालला. प्रेक्षक कंटाळून ओरडत होते. नवाब मात्र आपल्या गतीने खेळत राहिले. इंग्लंडने ५२४ धावा उभारून सामना दहा गडी राखून जिंकला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत शतक काढण्याचा मान रणजींनी १८९६ मध्ये आणि दुलीप यांनी १९३० मध्ये मिळवला होता. पतौडी त्या मालिकेतील तिसरे भारतीय ठरले. त्या सायंकाळी त्यांच्यापुढे इंग्लंडच्या संघातील दीर्घ कारकीर्द स्पष्ट दिसत असावी.

पण ती तशी घडली नाही. जार्डिन यांनी त्यांना लेगच्या सापळ्यात उभे राहण्यास सांगितले तेव्हा पतौडी यांनी नकार दिला. माणसाच्या अंगावर चेंडू फेकून त्याला बाद करण्याच्या या खेळात वाटा उचलणे त्यांच्या मनाला पटले नाही. जार्डिन यांनी त्यावर बोचरी टिप्पणी केल्याची कथा क्रिकेटविश्वात सर्वश्रुत आहे. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत पतौडी यांनी १५ आणि ५ धावा केल्या, इंग्लंड हरले आणि अ‍ॅडलेडच्या तिसऱ्या कसोटीत त्यांची जागा एडी पेन्टर यांना मिळाली. उरलेली मालिका त्यांनी बाहेर बसून पाहिली.

संघातून वगळण्याचे कारण मेलबर्नचे अपयश की सिडनीचा नकार, याचा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही बाजूंनी बोलता येते. मात्र एक तुलना लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच संघातील गबी अ‍ॅलन यांनीही बॉडीलाइन पद्धतीने गोलंदाजी करण्यास साफ नकार दिला होता. तेही हौशी खेळाडू, परंतु त्यांचे संघातील स्थान शेवटपर्यंत अढळ राहिले. वेगवान गोलंदाज म्हणून जार्डिन यांना त्यांची गरज होती आणि इंग्रज उच्चवर्गात त्यांचे पाय घट्ट रोवलेले होते. वसाहतीतून आलेल्या बावीस वर्षांच्या नवाबाने कर्णधाराला नाही म्हणणे ही निराळी गोष्ट होती. लारवूड आणि वोस हे खाणकामगारांच्या वस्तीतून आलेले व्यावसायिक खेळाडू, त्यांना तर नाही म्हणण्याची सोयच नव्हती. पतौडी यांना ती होती आणि तिची किंमतही त्यांनी मोजली. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. पुढे या तंत्राला आळा घालणारे नियम करावे लागले, तेव्हा नकार देणाऱ्यांची बाजू खरी ठरली. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नॉटिंगहॅमला पतौडी आणखी एक कसोटी खेळले, १२ आणि १० धावा करून बाद झाले, आणि इंग्लंडचा अध्याय संपला.

भोपाळचे नाते

भारतीय क्रिकेटला तोवर पतौडी यांची आठवण झाली होती. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांची कर्णधार म्हणून निवड झाली. त्या वेळी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान यांच्याकडे होते. प्रकृतीच्या कारणास्तव पतौडी यांनी माघार घेतली. मग कर्णधारपद गेले विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे. त्या दौऱ्याची कहाणी भारतीय क्रिकेटच्या दृष्टीने लाजिरवाणी आहे. कर्णधाराची पात्रता अगदीच सामान्य, संघात तट पडलेले आणि लाला अमरनाथ यांच्यासारख्या गुणी खेळाडूला शिस्तभंगाच्या आरोपावरून पहिल्या कसोटीपूर्वीच घरी पाठवलेले. पतौडी गेले असते तर हे टळले असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण निदान कर्णधाराच्या खेळाविषयी कोणाला शंका उरली नसती.

१९३९ मध्ये पतौडी यांचा विवाह हमीदुल्ला खान यांची दुसरी कन्या साजिदा सुलतान हिच्याशी झाला आणि त्यांच्या आयुष्यात भोपाळ आले. पतौडी आणि भोपाळ यांची तुलनाच होऊ शकत नाही. भोपाळ हे देशातील प्रमुख मुस्लिम संस्थानांपैकी एक. मराठी वाचकाला हे नाव थोरल्या बाजीरावांच्या १७३७ च्या निजामावरील विजयामुळे ठाऊक असते. पण या शहराची खरी ओळख निराळी आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९२६ पर्यंत तिथे कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान या चार बेगमांनी राज्य केले. मशिदी, तलाव, शाळा आणि इस्पितळे यांच्या रूपाने त्यांच्या खुणा शहरभर दिसतात. सुलतान जहान बेगम यांनी धाकट्या मुलासाठी गादी सोडली, ते हमीदुल्ला खान. नरेंद्र मंडळाचे अध्यक्षपद भूषवलेले हे राजकारणी गृहस्थ पोलोचे निष्णात खेळाडू होते आणि हॉकीवर भोपाळचा जीव होता. खेळाडू जावई अशा घराण्यात सहज सामावला.

५ जानेवारी १९४१ रोजी भोपाळमध्ये पतौडी यांना मुलगा झाला. त्याचे नाव मन्सूर अली खान. त्याच्याशिवाय त्यांना तीन कन्या होत्या. पतौडीतील पांढरा प्रासाद त्यांनी तिसाव्या दशकातच बांधून घेतला होता. नवी दिल्लीचे कॅनॉट प्लेस ज्यांनी रेखाटले त्या रॉबर्ट टॉर रसेल यांची ती रचना. पत्नी मात्र स्त्रियांच्या राजवटीचा वारसा घेऊन आली होती, आणि पुढे तोच वारसा घराण्याला कामी आला.

१९४६ चा दौरा

महायुद्ध संपले आणि १९४६ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला निघाला. कर्णधार कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. मुंबईचे विजय मर्चंट यांचा हक्क मोठा होता. युद्धाच्या वर्षांत देशात अखंड क्रिकेट खेळून त्यांनी धावांचे डोंगर रचले होते. पतौडी त्या काळात फारसे खेळलेच नव्हते, वय छत्तीस झाले होते आणि प्रकृती साथ देत नव्हती. तरीही निवड त्यांचीच झाली. मर्चंट उपकर्णधार झाले. इंग्लंडच्या खेळपट्ट्यांचा आणि माणसांचा अनुभव ही पतौडी यांची जमेची बाजू. पण नवाबी किताबाचे वजनही त्या पारड्यात पडले नसेल, असे म्हणवत नाही. राजेरजवाड्यांनी क्रिकेट चालवण्याचे ते शेवटचे दिवस होते.

संघ मात्र नामी होता. मर्चंट, विजय हजारे, विनू मंकड, मुश्ताक अली, रुसी मोदी, लाला अमरनाथ, चंदू सरवटे, रंगा सोहोनी, सदू शिंदे आणि यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर. मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी करणारे हिंदळेकर हे कोकणच्या मातीतले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी असे सर्व धर्मांचे खेळाडू एका कर्णधाराखाली खेळत होते. मायदेशात त्याच महिन्यांत ब्रिटिश मंत्र्यांचे त्रिमंत्री शिष्टमंडळ देशाच्या भवितव्यावर वाटाघाटी करीत होते आणि फाळणीची चाहूल लागली होती. संघातील अब्दुल हफीज आणि गुल महंमद हे दोघे पुढे पाकिस्तानकडूनही खेळले. अब्दुल हफीज कारदार तर पाकिस्तानचे पहिले कसोटी कर्णधार झाले.

दौऱ्याचा आरंभ झाला वूस्टरला, पतौडी यांच्या जुन्या घरच्या मैदानावर. पुढच्याच आठवड्यात ओव्हलवर सरेविरुद्ध सरवटे आणि शूटे बॅनर्जी या शेवटच्या जोडीने २४९ धावांची भागी केली. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके ठोकण्याचा तो पराक्रम आजही सांगितला जातो. काउंटींविरुद्ध पतौडी यांनीही भरपूर धावा केल्या. कसोटीत मात्र नशीब फिरले. लॉर्ड्सवर अ‍ॅलेक बेडसर यांनी पदार्पणातच अकरा बळी घेतले आणि भारत दहा गडी राखून हरला. मँचेस्टरला शेवटची जोडी सोहोनी आणि हिंदळेकर यांनी अखेरची तेरा मिनिटे खेळून काढली आणि नऊ गडी बाद झालेला भारत पराभवातून वाचला. ओव्हलची कसोटी पावसाने खाल्ली, तरी त्यात मर्चंट यांनी १२८ धावांचा देखणा डाव खेळला. पतौडी यांच्या धावा होत्या ९, २२, ११, ४ आणि ९. पाच डावांत एकूण ५५. ज्या मर्चंट यांना डावलून त्यांना कर्णधार केले, ते दौऱ्यात २,३८५ धावा काढून परतले.

या आकड्यांपुढे पतौडी यांची बाजू मांडणे अवघड आहे. तरीही दोन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत. १९३६ ची बेदिली या दौऱ्यात दिसली नाही. आणि युद्धाने शिणलेल्या इंग्लंडमध्ये या संघाने आपल्या खेळाने व वागणुकीने आदर मिळवला. देश स्वतंत्र होण्यापूर्वीचा भारताचा तो अखेरचा कसोटी संघ. त्याचा कर्णधार पूर्वी इंग्लंडकडून खेळलेला असावा, यात त्या संक्रमणाच्या काळाचे चित्र उमटले आहे.

संस्थान गेले, खेळ राहिला

१९४७ नंतर घटना वेगाने घडल्या. दिल्लीच्या उंबरठ्यावरचे, मुसलमान नवाबाचे हे चिमुकले संस्थान भारतात विलीन झाले. फाळणीच्या वणव्यात अनेक कुटुंबे दुभंगली, तशी पतौडी यांची सासुरवाडीही दुभंगली. हमीदुल्ला खान यांनी बराच काळ वेगळ्या वाटेचा विचार केला. अखेर १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारच्या हाती गेला. त्यांची थोरली कन्या आणि गादीची वारस अबिदा सुलतान १९५० मध्ये पाकिस्तानला निघून गेल्या. पतौडी आणि साजिदा बेगम भारतातच राहिले. इंग्लंडमध्ये मान्यता आणि मित्रपरिवार असलेल्या, मनात आणले तर कुठेही जाऊ शकणाऱ्या माणसाने केलेली ही निवड होती. तरुणपणी इंग्लंडची टोपी घालणाऱ्या नवाबाने उत्तरायुष्यात स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्यात काम केले.

५ जानेवारी १९५२ रोजी दिल्लीत पोलो खेळत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे एक्केचाळीस. त्याच दिवशी मन्सूरचा अकरावा वाढदिवस होता. पतौडीला पूर्वजांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर १२७ सामन्यांत ८,७५० धावा आणि २९ शतके आहेत. ४८.६१ ही सरासरी सहा कसोटींतल्या अपयशाला फिके करणारी आहे.

मागे राहिलेल्या साजिदा बेगम यांनी घर सावरले आणि मुलाला इंग्लंडला शिकायला पाठवले. १९६० मध्ये हमीदुल्ला खान यांचे निधन झाल्यावर भारत सरकारने त्यांना भोपाळची बेगम म्हणून मान्यता दिली. बेगमांची परंपरा, किताबापुरती का होईना, पुन्हा सुरू झाली. मुलगा ऑक्सफर्डला गेला, मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि तरीही काही महिन्यांतच तो भारताकडून खेळला. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या मालिकेत कानपूरला मडगावचे दिलीप सरदेसाई यांनी पदार्पण केले आणि पाठोपाठ दिल्लीला मन्सूर अली खान यांनी. दिल्लीची ती कसोटी आटोपली त्याच सुमारास, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. पुढे सरदेसाई त्याच पतौडींच्या नेतृत्वाखाली कसोटी खेळले. एकविसाव्या वर्षी कर्णधार झालेल्या या मुलाने १९६७-६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताला परदेशातील पहिला मालिका विजय मिळवून दिला. वडिलांना कर्णधारपद मिळाले त्यात किताबाचा वाटा होता. मुलाने ते स्वतःच्या हिमतीवर सिद्ध केले. १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे किताबच संपुष्टात आले.

भारताच्या पहिल्या कसोटीला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा, २००७ मध्ये, इंग्लंडमध्ये होणाऱ्या भारत-इंग्लंड कसोटी मालिकेच्या करंडकाला पतौडी घराण्याचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये तो करंडक अँडरसन आणि तेंडुलकर यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पतौडी हे नाव आता विजयी कर्णधाराला मिळणाऱ्या पदकापुरते उरले आहे. थोरल्या पतौडींच्या वाट्याला इतिहासात अशीच तळटीपेची जागा आली. भारतात त्यांची ओळख टायगर पतौडीचे वडील अशी राहिली आणि इंग्लंडमध्ये बॉडीलाइनच्या गोष्टीतील एक पात्र अशी. परंतु त्यांच्या १०२ धावा ज्या सामन्यात झाल्या, त्याच दौऱ्यात त्यांनी दिलेला नकार आज अधिक मोलाचा वाटतो. संघातील जागा, कीर्ती आणि कर्णधाराची मर्जी हे सारे पणाला लागलेले असताना परक्या देशात, परक्या संघात, बावीस वर्षांच्या त्या तरुणाने आपली जागा बदलण्यास नाही म्हटले. क्रिकेटच्या धावफलकावर या गोष्टीची नोंद होत नाही. पतौडी यांच्या चरित्रात मात्र तिचे स्थान पहिले आहे.